पैसे देणाऱ्याचे की बटण दाबणाऱ्याचे?

दर लग्नसराईत हे भांडण हमखास पेटतं. कुठलातरी फोटोग्राफर नवरीचा हळदीचा फोटो स्वतःच्या इन्स्टावर टाकतो, खाली 'बुकिंग चालू' आणि मोबाईल नंबर. नवरीकडचे म्हणतात काढून टाका, तो म्हणतो फोटो मी काढलाय, कॉपीराइट माझा आहे. मग दोन पार्ट्या पडतात. एकीकडे झाडून सगळे फोटोग्राफर, 'कॉपीराइट नेहमी फोटोग्राफरचाच, जगभर असंच असतं' म्हणणारे, आणि दुसरीकडे बाकीचं पब्लिक, 'पैसे मोजलेत की राव, गवंड्याने घर बांधलं म्हणून घर गवंड्याचं होतं का?' वाले. दोघंही इतक्या ठामपणे अर्धवट बोलतात की कायदा एकदा उघडून वाचावा असं कुणालाच वाटत नाही.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते ठरवता येईल. लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण, साठीशांत असल्या घरगुती समारंभाच्या फोटोंचा कॉपीराइट फोटो काढून घेणाऱ्याकडेच, म्हणजे पैसे देऊन काढायला सांगणाऱ्याकडेच असावा, आज भारतात तसाच आहे आणि तो तसाच राहावा. पण कंपनीची कॉन्फरन्स, मंडळाचा गणेशोत्सव, संस्थेचा महोत्सव, पुढाऱ्याचा सत्कार इथे मात्र आजचा कायदा चुकीचा आहे, तिथे मालकी फोटोग्राफरची हवी आणि आयोजकाला वापरायची परवानगी पुरेशी. म्हणजे दोन्ही पार्ट्यांना मी अर्धं-अर्धं नाराज करणार, पण त्यामागे एकच तर्क आहे, तो पुढे येईल.

आधी कायदा. १९५७ चा कॉपीराइट अ‍ॅक्ट, कलम १७. मूळ नियम असा की कलाकृतीचा कर्ता तोच कॉपीराइटचा पहिला मालक, आणि फोटोच्या बाबतीत कर्ता म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती, हे कलम २ मध्ये स्पष्ट आहे. फोटोग्राफर मंडळी इथपर्यंत वाचतात आणि पुस्तक मिटतात. पण कलम १७ ला अपवाद आहेत, आणि दुसरा अपवाद नेमका हाच आहे: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर सांगणारा माणूस पहिला मालक. त्यामुळे 'जगभर असंच असतं' हे निदान आपल्या जगात तरी खरं नाही, आणि क्लायंटला न विचारता त्याच्या मुलीचा फोटो जाहिरातीला वापरणारा फोटोग्राफर बहुतेक वेळा स्वतःच कॉपीराइटचा भंग करत असतो, वर पुन्हा कॉपीराइटचंच नाव घेऊन.

हा अपवाद आला कुठून? इंग्लंडमधून. १८६२ च्या तिथल्या कायद्यात चित्रं आणि फोटो पहिल्यांदा कॉपीराइटखाली आले तेव्हाच ऑर्डर देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क ऑर्डर देणाऱ्याचा ठरला, १९११ च्या कायद्यात ते कायम राहिलं, तोच कायदा १९१४ मध्ये आपल्याकडे लागू झाला आणि १९५७ मध्ये आपण तो अपवाद तसाच उचलला. त्या काळात फोटो म्हणजे पोर्ट्रेट. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली होती, भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी त्यातल्या सुरुवातीच्या मंडळींपैकी, पण फोटो काढून घेणं हे बड्या घरांचंच काम होतं. घराण्याची तसबीर घराण्याच्या ताब्यात राहावी एवढाच हिशेब. ज्यांच्याकडून आपण हे घेतलं त्या ब्रिटननेच १९८८ च्या कायद्यात हा नियम काढून टाकला आणि फोटोग्राफरला मालक केलं. फोटोग्राफर हे अगदी अभिमानाने सांगतात. त्याच कायद्याचं कलम ८५ मात्र कुणी सांगत नाही. खासगी आणि घरगुती कारणासाठी काढून घेतलेला फोटो, कॉपीराइट कुणाचाही असो, काढून घेणाऱ्याच्या मर्जीविरुद्ध लोकांपुढे मांडायचा नाही, असं ते कलम म्हणतं. म्हणजे ब्रिटनमध्येसुद्धा तो हळदीचा फोटो इन्स्टावर टाकता आला नसता. ऑस्ट्रेलियाने १९९८ मध्ये आणखी स्वच्छ रेघ मारली: खासगी आणि घरगुती कामासाठी काढून घेतलेला फोटो क्लायंटचा, बाकीचे फोटोग्राफरचे, आणि घरगुती म्हणजे काय हे सांगताना लग्नाचा उल्लेख चक्क कायद्यातच केला. कॅनडाने २०१२ मध्ये जुना नियम काढला, पण घरगुती वापराची मुभा क्लायंटला ठेवली. अमेरिकेत मात्र खरंच फोटोग्राफर मालक असतो, आणि आपल्याकडचे लोक जे व्हिडिओ बघून कॉपीराइट शिकतात ते बहुतेक अमेरिकेतले असतात, तिथे हा सगळा घोळ सुरू होतो.

आता फोटोग्राफरांचा सगळ्यात जोरदार मुद्दा घेऊ, कारण तो खरंच जोरदार आहे. गवंड्याचं उदाहरण देणाऱ्यांना फोटोग्राफी म्हणजे काय हे कळलेलंच नाही. घर नकाशाप्रमाणे बांधतात, मंगलाष्टकांच्या शेवटी अंतरपाट खाली येतानाचा तो अर्धा सेकंद कुणी नकाशात काढून देत नाही. कुठे उभं राहायचं, मुलीच्या आईच्या चेहऱ्याकडे बघायचं की नवऱ्यामुलाकडे, हॉलच्या त्या भयानक पिवळ्या-जांभळ्या लाइटमधून स्किन टोन कसा वाचवायचा, हे सगळं त्या माणसाच्या डोक्यातलं असतं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासमोर १८८४ मध्ये नेमका हाच प्रश्न आला होता. नेपोलियन सरोनी नावाच्या फोटोग्राफरने ऑस्कर वाइल्डचा फोटो काढला होता, एका कंपनीने त्याच्या हजारो प्रती छापल्या आणि वर म्हणाली की फोटो म्हणजे यंत्राने उतरवलेली नक्कल, त्यात कसली कला? कोर्टाने सरोनीच्या बाजूने निकाल दिला, बैठक, कपडे, उजेड-सावली हे सगळं त्याने योजलं म्हणून तो कर्ता. मान्य, शंभर टक्के मान्य.

पण कर्ता असणं आणि मालक असणं या दोन गोष्टी आहेत, आणि आपल्या परंपरेला तर हे नवीन नाही. शाहीर दरबारात गायचा, बिदागी घ्यायचा, पोवाडा सरदाराच्या पराक्रमाचा असायचा, पण शेवटच्या कडव्यात नाव शाहिराचं. अभंगाची नाममुद्रा तीच. राजा दीनदयाळांनी सहाव्या निजामाच्या, महबूब अली खानच्या पदरी राहून फोटो काढले, हुकूम निजामाचा, खर्च निजामाचा, आणि आज त्या फोटोंना आपण कुणाच्या नावाने ओळखतो? आपल्या कायद्यात हीच गोष्ट कलम ५७ मध्ये आहे. कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी 'हे मी केलंय' म्हणायचा हक्क कर्त्याकडेच राहतो, आणि कामाची अब्रू जाईल अशी मोडतोड झाली तर तो दाद मागू शकतो. अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होतं, सरकारने ऑर्डर देऊन करून घेतलेलं, १९७९ मध्ये ते उखडून गोदामात टाकलं, आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सरकारला उरलेले अवशेष सहगलांना परत करायला आणि पाच लाख भरपाई द्यायला लावली. भिंत सरकारची होती, पैसे सरकारचे होते. तेव्हा 'पैसे दिले म्हणजे काहीही करू' म्हणणाऱ्या पार्टीनेही जरा दमाने घ्यावं. फोटोग्राफरचं नाव मुद्दाम कापून दुसऱ्याच्या नावाने फोटो फिरवणं हा मालकी हक्क नाही, अगदी अल्बमचे सगळे पैसे चुकते केले असले तरी. आणि जाता जाता, रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातल्या एडिट न केलेल्या मूळ फाइल्स, मागणं हा कॉपीराइटचा प्रश्नच नाहीये. त्या द्यायच्या की नाही हे बुकिंगच्या वेळी काय ठरलं त्यावर आहे, ठरलंच नसेल तर भांडा.

मग घरगुती समारंभात मालक क्लायंट का? माझ्या मते मुख्य कारण असं आहे की 'वेगळा करार नसेल तर' हे शब्द कायद्यात आहेत, म्हणजे हा नियम फक्त ज्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही त्यांच्यासाठी आहे, आणि असा नियम कुणाच्या बाजूने असावा? ज्याला लिहून घेणं जड जातं त्याच्या. लग्न करणारं कुटुंब आयुष्यात एकदा-दोनदा फोटोग्राफर ठरवतं, हॉल, आचारी, भटजी, बस्ता यांच्या गडबडीत, व्हॉट्सअ‍ॅपवर पॅकेज बघून, अ‍ॅडव्हान्स गूगल पे करून. फोटोग्राफर एका सीझनमध्ये कितीतरी लग्नं करतो. त्याला कॉपीराइट हवा असेल तर एक पानाचा फॉर्म छापून घेणं त्याच्या हातात आहे, एकदाच छापायचा आणि कायम वापरायचा. नवरीच्या बापाने कलम १७ वाचून यावं ही अपेक्षा कशी करायची? ज्याला नियम माहीत आहे त्याच्यावरच तो बदलून घ्यायची जबाबदारी टाकणं यात अन्याय काय?

आणि दुसरं म्हणजे त्या फोटोंमध्ये असतं काय ते बघा. १८८८ मध्ये इंग्लंडमध्ये पोलार्ड नावाच्या बाईंनी स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेतला, पैसे दिले, आणि नंतर बघतात तर त्याच फोटोचं ख्रिसमस कार्ड करून दुकानाच्या काचेत लावलेलं. कोर्टाने त्या फोटोग्राफरला मनाई केली, तीसुद्धा कॉपीराइटच्या नाही, विश्वासाच्या आणि न बोलता झालेल्या कराराच्या आधारावर: मी तुझ्यासमोर बसले ते माझ्यासाठी फोटो हवा म्हणून, तुझ्या काचेसाठी नाही. आजची काच म्हणजे इन्स्टा. पाठवणीच्या वेळी ढसाढसा रडणारा बाप, मेंदी लावताना गळ्यात पडलेल्या मैत्रिणी, पंगतीत घास भरवताना वेडंवाकडं तोंड केलेल्या काकू, झोपलेली पोरं, हे लोक फोटोग्राफरसमोर निर्धास्त असतात कारण तो 'आपल्या घरचा' म्हणून आलेला असतो. उद्या कॉपीराइट त्याचा झाला आणि त्याने काकूंचा हसरा फोटो जाहिरातवाल्यांना तयार फोटो विकणाऱ्या स्टॉक वेबसाइटला विकला, तिथून तो कुठल्यातरी गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीत गेला, तर काकू कुणाला धरणार? अनिल कपूरच्या चेहऱ्याला, आवाजाला, 'झकास'ला २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने संरक्षण दिलं, कारण त्याचा चेहरा विकला जातो हे कोर्टाला दिसलं. काकूंच्या चेहऱ्याची बाजारातली किंमत सिद्ध करायला कुठला वकील उभा राहणार? त्यांच्यासाठी आज हाताशी असलेलं सोपं हत्यार म्हणजे घरच्यांकडे असलेला कॉपीराइट.

यावर फोटोग्राफर म्हणतात, मग आम्ही पोर्टफोलिओ कशाचा दाखवायचा? जुनं काम दिसलं नाही तर नवीन बुकिंग येत नाही, पोट त्यावर आहे. हे खरं आहे आणि हे हसण्यावारी नेणाऱ्यांचा मला राग येतो. पण दाखवायला मालक असावं लागत नाही, परवानगी असावी लागते. 'निवडक फोटो कामाचा नमुना म्हणून सोशल मीडियावर आणि वेबसाइटवर दाखवू शकतो, घरच्यांनी सांगितल्यास काढून टाकू' एवढं लेखी घ्या, झालं. बहुतेक घरं आनंदाने देतात, उलट टॅग केलं नाही म्हणून रुसतात. जे नाही म्हणतात त्यांच्या नकाराची किंमत लावा हवी तर, 'फोटो शेअर करायचे नसतील तर एवढे जास्त' असं रेटकार्डवर लिहा, धंदा आहे, त्यात काही गैर नाही. पण आधी टाकायचा, मग आरडाओरडा झाला की कॉपीराइट आठवायचा, याला पोर्टफोलिओ नाही म्हणत. एक धोक्याचा इशाराही देऊन ठेवतो, कारण बरेच जण नंतर घाईने कागद करतात: फोटो काढून झाल्यावर क्लायंटकडून कॉपीराइट लिहून घेतला आणि त्यात मुदत लिहिली नाही, तर कलम १९ प्रमाणे तो फक्त पाच वर्षांसाठी मिळतो, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही तर फक्त भारतापुरता.

'आम्ही कॉपीराइट ठेवतो म्हणून रेट कमी लावतो' हा युक्तिवाद मी फार मनावर घेत नाही. रोलच्या जमान्यात त्यात तथ्य होतं. निगेटिव्ह स्टुडिओतच राहायची, मामाला एक कॉपी, आत्याला एक कॉपी करत दर वेळी स्टुडिओची पायरी चढायला लागायची आणि त्यात त्यांची कमाई होती. कायद्याने मालक क्लायंट, पण निगेटिव्ह ज्याच्या कपाटात तोच खरा मालक, म्हणून तर शंभर वर्षं हे भांडण झालंच नाही. पेनड्राइव्ह आला आणि ते कपाट रिकामं झालं. आज पॅकेजमध्ये कँडिड, ट्रॅडिशनल, ड्रोन, रील, करिझ्मा अल्बम सगळं धरलेलं असतं, कॉपीराइटची वजावट दाखवलेली एकही कोटेशन माझ्या पाहण्यात नाही.

आणि ज्यांना हा अपवाद काढूनच टाकायचाय त्या स्टुडिओवाल्यांना माझा एक प्रश्न आहे. तुमच्या लग्नात कॅमेरा कोण चालवतं? मोठ्या स्टुडिओचा मालक स्वतः एका ठिकाणी असतो, बाकी तीन ठिकाणी दिवसाच्या रेटवर बोलावलेली पोरं असतात, सेकंड शूटर, स्वतःचा कॅमेरा घेऊन आलेली. कायद्यात कर्ता म्हणजे फोटो काढणारा, म्हणजे ती पोरं. ते पगारी नोकर नाहीत, त्यामुळे नोकराने केलेल्या कामाचा हक्क मालकाला देणारा, कलम १७ मधलाच नोकरीवाला अपवादही लागू होत नाही. मग त्यांच्या फोटोंवर स्टुडिओ दावा सांगतो तो कशाच्या जोरावर? याच अपवादाच्या, 'मी सांगितलं, मी पैसे दिले'! क्लायंटने हेच वाक्य म्हटलं की ते कलेचा अपमान होतं आणि स्टुडिओने त्या पोराला म्हटलं की तो व्यवसाय होतो, असं कसं चालेल? अपवाद गेला तर कॉपीराइट वॉटरमार्कवाल्याकडे, म्हणजे फोटोवर आपलं नाव छापणाऱ्या स्टुडिओकडे जाणार नाही, रात्री दोन वाजता व्हरांड्यात मेमरी कार्ड कॉपी करत बसलेल्या पोराकडे जाईल. आणि नाव लावायचा कलम ५७ चा हक्क तर आजही त्याचाच आहे, तो वॉटरमार्कमध्ये कुठे दिसतो?

आता दुसरी बाजू, जिथे मी फोटोग्राफरांच्या पंक्तीला बसतो. हाच तर्क, दुबळ्याला झुकतं माप, कंपनीच्या इव्हेंटला लावून बघा, चित्र उलटं होतं. इथे ऑर्डर देणाऱ्याकडे लीगल डिपार्टमेंट आहे, पर्चेस ऑर्डर तोच छापतो, दहा लोकांकडून कोटेशन मागवतो आणि पेमेंट नव्वद दिवसांनी करतो. कुणाचं खासगी काही उघडं पडत नाहीये, स्टेजवरचा माणूस फोटो निघावा म्हणूनच उभा आहे. दोन दिवसांच्या पैशात काढलेले फोटो मग पुढे अ‍ॅन्युअल रिपोर्टला, होर्डिंगला, वेबसाइटला, दुसऱ्या संस्थेला देणगी दिल्यासारखे देऊन टाकायला, सगळीकडे फुकट. संगीत महोत्सवात काढलेला एखाद्या गवयाचा फोटो वीस वर्षांनी त्याच्या निधनाच्या दिवशी सगळीकडे झळकतो, खाली आयोजक संस्थेचं नाव असतं किंवा काहीच नसतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल तर बोलायलाच नको. आयोजकांचं म्हणणं असतं की दर वेळी फोटोग्राफरला विचारत बसलो तर काम कसं व्हायचं? त्यात तथ्य आहे, म्हणून कार्यक्रमाच्या आणि संस्थेच्या कामासाठी कायमची वापर-परवानगी त्यांना कायद्यानेच द्यावी. पण तो फोटो तिसऱ्याला विकायचा किंवा द्यायचा असेल तर पैसे आणि नाव फोटो काढणाऱ्याला मिळायला नकोत का?

हे अशक्य आहे म्हणणाऱ्यांनी सिनेमाकडे बघावं. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच कलम १७ च्या आधारावर सांगितलं की निर्मात्याने पैसे देऊन गीत-संगीत करून घेतलं तर, वेगळा करार नसेल तर, पहिला मालक निर्माता. त्यानंतर कितीतरी वर्षं गाणी देशभर वाजत राहिली आणि लिहिणाऱ्यांना, चाल लावणाऱ्यांना काही मिळालं नाही. करार करायला त्यांना कुणी अडवलं होतं का? कागदावर नाही. पण निर्मात्यासमोर बसलेला नवखा गीतकार काय अटी घालणार! शेवटी २०१२ मध्ये, जावेद अख्तरांनी राज्यसभेत लावून धरल्यावर, कायदा बदलला, सिनेमातल्या गीत-संगीताला त्या अपवादातून बाहेर काढलं आणि थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला वाटा तर लिहून देऊनही सोडता येणार नाही असा केला. त्याच दुरुस्तीत फोटोंकडेही लक्ष गेलं होतं, त्यांची मुदत वाढवून काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं केली. म्हणजे गंमत बघा, तुमच्या लग्नाच्या फोटोचे मालक तुम्ही, पण ती मालकी कधी संपणार हे तुमच्या फोटोग्राफरच्या तब्येतीवर. एवढं सुचलं, पण घरगुती आणि धंद्याचे फोटो वेगळे करावेत हे नाही सुचलं. अपवादात 'खासगी किंवा घरगुती कारणासाठी' एवढे चार शब्द घालायचे होते.

आता माझ्याच बाजूतली एक अडचण आहे आणि ती फोटोग्राफरांनी नाही, एका वकील मैत्रिणीने काढली. ती म्हणाली, क्लायंट मालक म्हणतोस, पण क्लायंट कोण? कायदा म्हणतो ज्याच्या सांगण्यावरून फोटो काढले तो. आपल्याकडे ते बहुतेक वेळा मुलीचे वडील किंवा मुलाचा मोठा भाऊ असतो, कधी दोन्हीकडचे आपापला फोटोग्राफर आणतात आणि दोघंही एकाच स्टेजवर एकमेकांच्या फ्रेममध्ये येत राहतात. म्हणजे नवरीच्या सासरच्यांनी ठरवलेल्या फोटोग्राफरने काढलेल्या तिच्या फोटोंचा मालक तिचा दीर असू शकतो, आणि पुढे काडीमोड झाला तर ते फोटो कुठेही टाकायला कॉपीराइटचा कायदा त्याला अडवत नाही, ती स्वतः मात्र मालक नाही. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ब्रिटनचं कलम ८५ सुद्धा इथे उपयोगी पडत नाही, तेही काढून घेणाऱ्यालाच हक्क देतं. निदान लग्नाच्या फोटोंपुरतं, बिल कुणीही भरो, नवरा-नवरी दोघं मिळून मालक धरावेत आणि एकाने नाही म्हटलं तर फोटो बाहेर जाऊ नये, असं कलमात लिहायला हवं. तोवर बुकिंग करताना पावतीवर वडिलांच्या जागी मुला-मुलीचं नाव घाला, दोघांचंही, फोटोग्राफरला त्याने काही फरक पडत नाही.